यूज्ड टू, वुड की साधा भूतकाळ? भूतकाळातल्या सवयी इंग्रजीत सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पूर्वी आम्ही रोज फिरायला जायचो", "तेव्हा तो फारसा बोलत नसे", "त्या दिवसांत मी खूप वाचत होतो". मराठीत ही वाक्यं बोलताना क्षणभरही थांबावं लागत नाही. तीच इंग्रजीत सांगायची वेळ आली की चांगलं इंग्रजी येणारी माणसंही अडखळतात, आणि बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. मराठीतला "होतो" कानात घुमत असतो, म्हणून तोंडून "वॉज" निघून जातो. खालचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात.

इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. जिथे स्पेलिंगवर सगळं अवलंबून आहे, तिथे अक्षरं वेगळी सांगितली आहेत.

"मी रोज पळत होतो" याचं "आय वॉज रनिंग एव्हरी डे" का होत नाही?

मराठीतलं "पळत होतो" दोन वेगळी कामं करतं. "फोन वाजला तेव्हा मी जेवत होतो" या वाक्यात एक क्षण पकडलेला आहे, त्या क्षणी जेवण चालू होतं. "शाळेत असताना मी रोज पळत होतो" यात कुठलाही एक क्षण नाही, सवय आहे. आपण दोन्हीकडे "होतो" वापरतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं.

इंग्रजीतलं वॉज किंवा वेअर अधिक आयएनजी हे रूप मुख्यतः पहिल्या कामासाठी आहे. ते मागचं दृश्य उभं करतं आणि त्या दृश्यात पुढे काहीतरी घडणार असतं. त्यामुळे तुम्ही "आय वॉज रनिंग" म्हणालात की ऐकणारा "मग काय झालं?" याची वाट बघू लागतो. सवय सांगायची असेल तर "आय रॅन एव्हरी डे" किंवा "आय यूज्ड टू रन एव्हरी डे" म्हणा.

ओळखण्याची एक खात्रीची युक्ती मराठीतच आहे. "पळत होतो" काढून तिथे "पळायचो" घालून बघा. "शाळेत असताना मी रोज पळायचो" म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, म्हणजे ही सवय आहे आणि इंग्रजीत वॉज नको. "फोन वाजला तेव्हा मी जेवायचो" म्हटलं की वाक्य मोडतं, म्हणजे तिथे "वॉज ईटिंग" बरोबर. ही परीक्षा मनातल्या मनात करायला दोन सेकंदही लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त चुका तिथेच थांबतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. सवय थोड्या, आखीव काळापुरती होती आणि तुम्हाला तिचं तात्पुरतेपणच दाखवायचं असेल, तर वॉज चालतं: "दॅट मंथ आय वॉज रनिंग एव्हरी मॉर्निंग." त्या महिन्यात तेवढं चाललं होतं, असा त्याचा भाव होतो.

"आवडत होतं", "माहीत होतं" यांचं काय?

इथे वॉज अजिबात नको. आवडणं, माहीत असणं, विश्वास असणं, मालकीचं असणं या कृती नसून स्थिती आहेत, आणि अशा क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही. "मला तो आवडत होता" म्हणजे "आय लाइक्ड हिम". आता आवडत नाही हेही सुचवायचं असेल तर "आय यूज्ड टू लाइक हिम". "आय वॉज लाइकिंग" आणि "आय वॉज नोइंग" ही रूपं लिहिण्यातून आणि बोलण्यातून काढूनच टाका.

मग "जायचो" या रूपाला इंग्रजीत पक्का प्रतिशब्द कोणता?

एकच असा नाही. "जायचो", "जात असे" आणि जुन्या लेखनातलं "जाई" ही मराठीची खास सवयीची रूपं. शाळेच्या व्याकरणात "जात असे" हे रूप रीती भूतकाळ म्हणून शिकवलं जातं. इंग्रजीत हेच काम तिघांमध्ये वाटलेलं आहे: साधा भूतकाळ, यूज्ड टू आणि वुड.

त्यातून निवड करताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. ती कृती होती की स्थिती? पुन्हा पुन्हा घडायची की एकदाच घडली? आणि आता ते बदललं आहे, हे तुम्हाला सांगायचं आहे का? स्थिती असेल तर वुड बहुधा बाद होतं. एकदाच घडलं असेल तर साधा भूतकाळ सोडून दोन्ही बाद. बदल ठसवायचा असेल तर यूज्ड टू सगळ्यात चांगलं.

साधा भूतकाळ कुठेही चालतो हेही विसरू नका. "व्हेन आय वॉज यंग, आय रीड अ लॉट" हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. ("रीड"चं भूतकाळी रूप लिहायला तसंच राहतं, उच्चार मात्र "रेड" होतो.) गोंधळ झाला तर बिनधास्त साधा भूतकाळ वापरा आणि सोबत "एव्हरी डे", "ऑफन", "इन दोज डेज" असे शब्द जोडा. सवय कळते.

यूज्ड टू नेमकं काय सांगतं?

पूर्वी असं होतं आणि आता तसं राहिलेलं नाही. पूर्वार्ध उघड सांगितला जातो, उत्तरार्ध सूचित होतो. "शी यूज्ड टू प्ले द व्हायोलिन" ऐकल्यावर ती आता वाजवत नाही हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

कृतीसाठीही चालतं, स्थितीसाठीही: "आय यूज्ड टू वॉक टू स्कूल", "आय यूज्ड टू हॅव लाँग हेअर", "देअर यूज्ड टू बी अ ट्री हिअर". शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे. "इथे पूर्वी एक झाड होतं" असं काहीही सांगायचं असेल तर "देअर यूज्ड टू बी" ने सुरुवात करा. नुसतं "देअर वॉज अ ट्री हिअर" व्याकरणाने बरोबर, पण झाड आता नाही याची रुखरुख त्यात उतरत नाही.

सूचित अर्थ रद्दही करता येतो. "आय यूज्ड टू राइट टू हर, अँड आय स्टिल डू" हे वाक्य शुद्ध आहे. पण तसं स्पष्ट म्हटलं नाही, तर ऐकणारा "आता नाही" असाच अर्थ घेणार.

मी आजही पहाटे उठतो. "आय यूज्ड टू गेट अप अर्ली" म्हटलं तर चालेल?

नाही. ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे की चूक वाटेनाशी झाली आहे. रोजची सवय म्हटलं की "यूज्ड टू" असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. पण यूज्ड टू फक्त भूतकाळाचं आहे, त्याला वर्तमानकाळच नाही. आजची सवय साध्या वर्तमानकाळात सांगायची: "आय गेट अप अर्ली", "आय यूजुअली गेट अप अर्ली".

यात खरं नुकसान होतं ते मुलाखतीत. हल्लीच्या नोकरीबद्दल बोलताना उमेदवार म्हणतो, "आय यूज्ड टू हँडल द अकाउंट्स." समोरच्याला कळतं की हे काम आता त्याच्याकडे नाही, आणि पुढचा प्रश्न येतो की मग ते काम का गेलं. सांगायचं होतं ते एवढंच: "आय हँडल द अकाउंट्स." सवयीने आलेल्या एका शब्दामुळे, काम येत असलेल्या माणसाला नाहक खुलासे करत बसावं लागतं.

"आय यूज टू गेट अप" असं डी काढून वर्तमानकाळ बनवण्याचा प्रयत्नही होतो. सुमारे ४०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असा वर्तमानकाळी वापर खरोखर होता, पुढे तो मागे पडला. आजच्या इंग्रजीत तो चूकच धरला जातो.

"आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स" यात काय चुकलं?

एकूण काळ किंवा एकूण वेळा मोजून सांगितल्या की यूज्ड टू जातं आणि साधा भूतकाळ येतो. "आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स." "वी व्हिजिटेड द म्युझियम थ्री टाइम्स." वुड इथेही चालत नाही.

नियम कानाला उलटा वाटतो, कारण पाच वर्षं राहणं म्हणजे सवयच नाही का? पण यूज्ड टू त्या काळाकडे आतून बघतं, सुरुवात आणि शेवट मोजत नाही. "पाच वर्षं" म्हटलं की तुम्ही बाहेर उभं राहून आख्खा काळ मोजून टाकला. मोजून झालेली गोष्ट इंग्रजी साध्या भूतकाळात ठेवतं.

मात्र आकडा प्रत्येक वेळेचा असेल तर यूज्ड टू चालतं. "शी यूज्ड टू प्रॅक्टिस फॉर टू अवर्स एव्हरी डे" बरोबर आहे, कारण दोन तास हे रोजच्या सरावाचं माप आहे, सरावाच्या आख्ख्या काळाचं नाही. "वी यूज्ड टू मीट ट्वाइस अ वीक" हेही त्याच कारणाने बरोबर. आकडा दिसला की घाबरू नका, तो कशाचा आहे ते बघा.

नकारात आणि प्रश्नात डी राहतो की जातो?

जातो. "आय डिडन्ट यूज टू लाइक इट", "डिड यू यूज टू लिव्ह हिअर?" दोन्हीत स्पेलिंग यू, एस, ई. भूतकाळाचा भार डिडने उचलला की मूळ क्रियापद साध्या रूपात येतं, जसं "डिडन्ट गो", "डिडन्ट वेंट" नव्हे.

छापील मजकुरात आणि इंटरनेटवर डी ठेवलेलं रूपही सापडेल, अगदी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लेखनात. कारण पुढच्या उत्तरात आहे. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात मात्र डी काढूनच लिहा.

बोलताना नकारासाठी मला "नेव्हर" जास्त आवडतं: "आय नेव्हर यूज्ड टू लाइक इट." डिड नाही, त्यामुळे डी जागेवरच राहतो आणि वाक्य कानाला स्वाभाविक वाटतं. "यूज्ड नॉट टू" हे जुन्या वळणाचं, औपचारिक रूप. वाचताना ओळखता आलं म्हणजे पुरे.

उच्चार "यूज्ड टू" की "यूस्टू"?

"यूस्टू". दोन शब्द एका दमात, मध्ये न थांबता, आणि मधला आवाज "स"चा. "आय यूज्ड अ पेन" यातला "यूज्ड" म्हणजे वापरला, त्यात घोष "झ"सारखा आवाज आणि शेवटी डी ऐकू येतो. सवयीच्या यूज्ड टूमध्ये डी पुढच्या टीमध्ये विरून जातो. त्यामुळे "डिड यू यूज टू" आणि "आय यूज्ड टू" यांतला हा भाग कानाला एकसारखाच वाटतो, आणि म्हणूनच लिहिताना डी कुठे हवा याबद्दल इतका गोंधळ होतो.

देवनागरीत इथे "यूज्ड टू" लिहिलं आहे ते ओळखायला सोपं जावं म्हणून. बोलताना "यूस्टू"च म्हणा. प्रत्येक अक्षर सुटं उच्चारलं की ऐकणाऱ्याला क्षणभर "वापरला" असं वाटू शकतं.

वुड कधी वापरायचं? ते तर जर-तरच्या वाक्यात येतं ना?

जर-तरमध्ये येतं, विनंतीत येतं, आणि भूतकाळातल्या सवयींसाठीही येतं. "एव्हरी इव्हनिंग माय ग्रँडमदर वुड सिट बाय द विंडो अँड टेल अस स्टोरीज." आजी रोज संध्याकाळी खिडकीशी बसायची आणि आम्हाला गोष्टी सांगायची. इथे जर-तर काही नाही.

वुडला दोन अटी आहेत. पहिली अट अशी की ती पुन्हा पुन्हा होणारी कृती हवी. "आय वुड हॅव अ बायसिकल" किंवा "वी वुड लिव्ह इन अ स्मॉल हाउस" याचा अर्थ "सायकल असायची", "राहायचो" असा होत नाही. ऐकणाऱ्याला ते कल्पनेतलं वाटतं: असती तर, राहिलो असतो तर. तिथे यूज्ड टू हवं. "हॅव" मात्र नीट बघून घ्या. "जवळ असणं" ही स्थिती आहे, पण "हॅव ब्रेकफास्ट" म्हणजे न्याहारी करणं ही कृती, म्हणून "वी वुड हॅव ब्रेकफास्ट इन द गार्डन" अगदी योग्य.

दुसरी अट म्हणजे काळ आधी ठरलेला हवा. आगापीछा नसताना "माय ग्रँडमदर वुड टेल अस स्टोरीज" म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कधी? कुठल्या परिस्थितीत? "व्हेन वी वेअर स्मॉल", "एव्हरी समर", "आफ्टर डिनर" असं काहीतरी आधी येऊ द्या. यूज्ड टूला ही गरज नाही, ते स्वतःच काळ उभा करतं. म्हणूनच आठवण सांगताना बहुतेक वेळा पहिलं वाक्य यूज्ड टूचं असतं आणि पुढची वुडची.

स्थितीबद्दलच्या अटीला एक बारीक फट आहे, आणि पुढच्या पायरीवरच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर बघावी. स्थिती अधूनमधून परत येणारी असेल तर वुड चालतं: "ऑन सॅटर्डेज ही वुड बी इन अ गुड मूड." दर शनिवारी स्वारी खुशीत असायची. खुशीत असणं ही स्थितीच, पण ती दर आठवड्याला नव्याने येते, म्हणून वुडला चालते. सलग, न तुटणारी स्थिती असेल तर नाही.

यूज्ड टू आणि वुड यांच्या भावात काही फरक आहे का, की नुसता नियमांचाच?

आहे, आणि मला तो नियमांइतकाच महत्त्वाचा वाटतो. यूज्ड टू दोन काळांची तुलना करतं, तेव्हा असं आणि आता तसं. वुड आजकडे बघतच नाही. ते ऐकणाऱ्याला त्या दिवसांत नेऊन बसवतं आणि तिथेच ठेवतं. म्हणून आत्मकथन, व्यक्तिचित्र, श्रद्धांजलीचं भाषण यांत वुड भरभरून येतं, आणि "तुम्ही पूर्वी काय करत होता?" अशा साध्या चौकशीत यूज्ड टू. रोजच्या गप्पांमध्ये सतत वुड वापरलं तर बोलणं थोडं पुस्तकी वाटतं. मराठीत "ती गोष्टी सांगायची" आणि "ती गोष्टी सांगे" यांत जो फरक ऐकू येतो, तो या फरकाच्या बराच जवळ जातो.

"वुडन्ट" म्हणजे "करत नसे" का?

सावध राहा. "ही वुडन्ट ईट" याचा पहिला अर्थ "तो खात नसे" असा नाही, "तो खाईना" असा आहे. यात हट्ट आहे, नकार आहे. हे मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं जातं, कारण आपल्याकडे यासाठी नेमकं रूप आहे: ऐकेना, बोलेना, हलेना. "शी वुडन्ट लिसन" म्हणजे ती ऐकेना. निर्जीव वस्तूंनाही दोन्ही भाषांत ते तसंच लागतं. "द डोअर वुडन्ट ओपन" म्हणजे दार उघडेना, "द कार वुडन्ट स्टार्ट" म्हणजे गाडी सुरू होईना.

आणखी एक गोष्ट. होकारार्थी वुडला पुन्हा पुन्हा घडणं लागतं, पण नकारार्थी वुडन्ट एकाच प्रसंगालाही चालतं. त्या एका सकाळी गाडी सुरू होईना, तरी "वुडन्ट".

"तो मांस खात नसे" एवढंच, हट्टाशिवाय सांगायचं असेल तर "ही डिडन्ट ईट मीट" किंवा "ही डिडन्ट यूज टू ईट मीट" म्हणा.

"आय अ‍ॅम यूज्ड टू" आणि "आय यूज्ड टू" एकच ना?

दिसायला सारखे, अर्थाने अगदी वेगळे. "आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट" म्हणजे पूर्वी मी रात्री काम करायचो. "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट" म्हणजे रात्री काम करणं माझ्या अंगवळणी पडलं आहे, त्याचा त्रास होत नाही.

गोंधळाचं मूळ "सवय" या शब्दात आहे. "मला रात्री काम करायची सवय होती" हे मराठी वाक्य दोन्हीकडे झुकतं. मी तसं करत असे हा एक अर्थ, आणि मला ते जड जात नसे हा दुसरा. इंग्रजीत लिहिण्याआधी यातला कोणता हवा ते ठरवा. पहिला असेल तर "आय यूज्ड टू वर्क". दुसरा असेल तर "आय वॉज यूज्ड टू वर्किंग". दोन्ही मिसळून "आय वॉज यूज्ड टू वर्क" लिहिलं की सवयीचं ते वाक्य कुठलंच धड राहत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक बहुधा हीच.

"यूज्ड टू"आधी अ‍ॅम, इज, वॉज असेल तर पुढे आयएनजी का? कारण तिथला "टू" हा शब्दयोगी अव्ययासारखा आहे, क्रियापदाचा भाग नव्हे. त्याच्यापुढे नाम ठेवून बघा: "आय अ‍ॅम यूज्ड टू द नॉइज." नाम बसलं, म्हणजे क्रियापद घालायचं झालं तरी त्याला आयएनजी लावून नाम बनवावं लागणार. "लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू" मधला टू याच जातीचा.

सवय होण्याची प्रक्रिया सांगायला "गेट" येतं: "आय गॉट यूज्ड टू इट", "यू विल गेट यूज्ड टू इट". सवय झाली, सवय होईल.

"इट इज यूज्ड टू कट पेपर" इथे आयएनजी का नाही?

हा तिसराच प्रकार. इथे "यूज्ड" म्हणजे खरोखर वापरलं जातं: कागद कापायला ते वापरतात. उच्चारही घोष, "झ"चा. कर्ता वस्तू असेल आणि "कशासाठी वापरतात" याचं उत्तर मिळत असेल, तर क्रियापद साध्या रूपात.

"तो सतत तक्रार करत असायचा" याला वॉज चालेल का?

चालेल, आणि इथे वॉज शोभून दिसतं. "ही वॉज ऑलवेज कम्प्लेनिंग." ऑलवेज किंवा फॉरएव्हर सोबत वॉज अधिक आयएनजी आलं की वैताग व्यक्त होतो. कधी कौतुकही असू शकतं: "शी वॉज ऑलवेज हेल्पिंग समवन." "ही ऑलवेज कम्प्लेन्ड" ही कोरडी नोंद आहे. ऑलवेज काढलं तर भाव जातो आणि "त्या क्षणी तक्रार करत होता" एवढाच अर्थ उरतो.

"गेलो होतो" साठी "हॅड गॉन" बरोबर ना?

बहुतेक वेळा नाही. "मी काल डॉक्टरकडे गेलो होतो" म्हणजे "आय वेंट टू द डॉक्टर यस्टर्डे". भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घडली, हा क्रम दाखवायचा असेल तेव्हाच हॅड: "आय हॅड लेफ्ट बिफोर शी केम." सवयींच्या वर्णनात हॅडची गरज फार क्वचित पडते.

"करावं लागायचं", "येत असे", "जमायचं" हे कसं सांगायचं?

"लागायचं" साठी हॅड टू पुरतं: "वी हॅड टू वॉक टू स्कूल." आता लागत नाही हे ठसवायचं तर "वी यूज्ड टू हॅव टू वॉक". दोनदा टू येतो म्हणून चुकीचं वाटेल, पण वाक्य शुद्ध आहे. येणं, जमणं यासाठी कुड: "आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव्ह." पूर्वी जमायचं, आता जमत नाही, असं असेल तर "आय यूज्ड टू बी एबल टू रन फास्ट". इथे "यूज्ड टू कॅन" किंवा "यूज्ड टू कुड" कधीच नाही.

एकाच परिच्छेदात हे सगळं कसं बसवायचं? प्रत्येक वाक्यात यूज्ड टू लिहू का?

नको, वाचणारा कंटाळतो. एक नमुना घेऊ. मराठीतून विचार करून लिहिलेली आठवण बहुधा अशी दिसते:

"व्हेन आय वॉज अ चाइल्ड, वी वेअर लिव्हिंग नीअर अ रिव्हर. माय ग्रँडफादर वॉज वेकिंग मी अप अर्ली. वी वेअर वॉकिंग टू द ब्रिज. ही वॉज नोइंग ऑल द बर्ड्स. वन मॉर्निंग ही वॉज स्टॉपिंग ऑन द ब्रिज अँड सेइंग दॅट ही वॉज टायर्ड."

अर्थ कळतो, पण सगळं एकाच पातळीवर आलं आहे. कुठे सवय संपली आणि कुठे प्रसंग सुरू झाला, हे ऐकू येत नाही. आता हे बघा:

"व्हेन आय वॉज अ चाइल्ड, वी यूज्ड टू लिव्ह नीअर अ रिव्हर. माय ग्रँडफादर वुड वेक मी अप अर्ली, अँड वी वुड वॉक टू द ब्रिज. ही न्यू ऑल द बर्ड्स. वन मॉर्निंग, व्हाइल वी वेअर क्रॉसिंग द ब्रिज, ही स्टॉप्ड अँड सेड ही वॉज टायर्ड."

पहिल्या वाक्यात यूज्ड टू आलं, कारण राहणं ही स्थिती आहे, आणि तो काळ मागे पडल्याचं तिथेच कळलं. काळ ठरल्यावर उठवणं आणि चालत जाणं या रोजच्या कृती वुडने आल्या. पक्षी माहीत असणं ही पुन्हा स्थिती, म्हणून साधं "न्यू". आजोबांबद्दल "यूज्ड टू नो" लिहिलं असतं तर पुढे ते विसरले असा विचित्र अर्थ निघाला असता. मग "वन मॉर्निंग" आलं आणि सवयीची साखळी तुटली. पूल ओलांडणं चालू होतं, म्हणून आख्ख्या परिच्छेदात वेअर अधिक आयएनजी फक्त इथे. त्या दृश्यात आजोबा थांबले आणि बोलले, दोन्ही एकदाच घडलेलं, म्हणून साधा भूतकाळ.

सरावासाठी स्वतःची एखादी आठवण मराठीत चार-पाच वाक्यांत लिहा, प्रत्येक क्रियापदाखाली "स्थिती", "सवय" किंवा "एकदाच" असं लिहा, आणि मगच इंग्रजीत न्या. भाषांतर करत बसण्यापेक्षा ही खूण करण्याची पायरी जास्त शिकवते.

ऑफन, ऑलवेज हे शब्द कुठे ठेवायचे?

वुडच्या नंतर: "शी वुड ऑफन कॉल." यूज्ड टूच्या आधी: "आय ऑलवेज यूज्ड टू कॉल." बोलण्यात "आय यूज्ड टू ऑलवेज कॉल" हेही ऐकू येतं.

लघुरूप "आय'ड" दिसलं तर ते वुड की हॅड?

पुढचं क्रियापद बघा. साधं रूप असेल तर वुड, भूतकाळवाचक धातुसाधित असेल तर हॅड. "आय'ड गो" म्हणजे वुड, "आय'ड गॉन" म्हणजे हॅड. सवयी सांगताना बोलण्यात वुडचं हे लघुरूप सर्रास येतं, आणि ते इतकं पुसट उच्चारलं जातं की नवख्या कानाला नुसतं "आय गो" ऐकू येतं. इंग्रजी ऐकताना जुन्या आठवणी मध्येच वर्तमानकाळात गेल्यासारख्या वाटल्या, तर हे "ड" निसटलं असण्याची शक्यता जास्त.

"तू बुद्धिबळ खेळतोस का?" यावर "पूर्वी खेळायचो" असं थोडक्यात उत्तर?

"आय यूज्ड टू." इथेच थांबायचं. क्रियापद गाळलं तरी टू राहतो. नुसतं "आय यूज्ड" म्हटलं तर "वापरला" असा अर्थ होऊन वाक्य अर्धवट राहतं. "आता नाही" हे जोडायचं असेल तर "आय यूज्ड टू, बट आय डोन्ट एनी मोअर." आणि शेपटीचा प्रश्न जोडायचा असेल तर डिडने: "यू यूज्ड टू प्ले, डिडन्ट यू?"